मुक्त सॉफ्टवेअरचे वाटप ही भेटींची देवाणघेवाण मानता येईल का?

अर्धविराम (मूळ प्रश्न)

मार्सेल मॉस या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने १९२५ साली भेटींविषयी प्रसिद्ध केलेला निबंध सध्या वाचतो आहे आणि वाचताना एका शंकेने मनात घर केले आहे. मॉसचे म्हणणे थोडक्यात असे, की त्याने अभ्यासलेल्या समाजांमध्ये भेट वरकरणी कितीही स्वेच्छेची दिसली तरी तिच्यामागे तीन बंधने असतात : देण्याचे, स्वीकारण्याचे आणि परत देण्याचे. दिलेले नाकारणे म्हणजे संबंध तोडणे, आणि घेऊन गप्प बसणे म्हणजे पत गमावणे. दिलेल्या वस्तूत 'हाऊ' नावाचे काही चैतन्य असते आणि ते मूळ देणाऱ्याकडे परतू पाहते, हे न्यूझीलंडच्या माओरींचे म्हणणे त्याने या बंधनाच्या स्पष्टीकरणासाठी घेतले आहे.

दुसरीकडे, प्रोग्रॅमर एरिक रेमंड यांनी १९९८ साली असे मांडले होते, की मुक्तस्रोत, म्हणजे आपला कोड सर्वांना खुला ठेवणाऱ्या, प्रोग्रॅमरांची संस्कृती ही भेट-संस्कृती आहे. जिथे कशाचीच टंचाई नसते तिथे माणसाची प्रतिष्ठा त्याने काय जमवले यावरून नव्हे, तर त्याने काय देऊन टाकले यावरून ठरते, असा त्यांचा युक्तिवाद होता. विधान आकर्षक आहे, परंतु मॉसच्या शेजारी ठेवल्यावर ते मला डळमळीत वाटू लागते. भेट दिली की ती वस्तू माझ्या हातून जाते. प्रोग्रॅम मात्र कितीही जणांनी उतरवून घेतला तरी माझी प्रत जशीच्या तशी माझ्याजवळ राहते. भेट कोणाला तरी दिलेली असते. सर्व्हरवर ठेवलेली फाइल कोणी नेली, हे मला बहुधा कधीच कळत नाही. आणि नेणारा काही परत तर करीत नाहीच, पण आपण काही देणे लागतो असे त्याला वाटतही नाही.

मग येथे 'भेट' हा शब्द निव्वळ कौतुकापोटी वापरला जातो, की मानवशास्त्रातील अर्थानेही तो लागू पडतो? जगात सगळीच देवाणघेवाण असते, अशा धर्तीची उत्तरे कृपया नकोत. तसे म्हटले तर प्रश्नच उरत नाही.

पारंबी

माझे उत्तर 'नाही' असे आहे, आणि आपण दिलेल्या तीन कारणांपेक्षा निराळ्या कारणासाठी आहे.

आधी एक गोंधळ बाजूला करू. इंग्रजीत 'फ्री' या एकाच शब्दाला मुक्त आणि मोफत असे दोन्ही अर्थ चिकटलेले असल्यामुळे तिकडच्या मंडळींना गेली चाळीस वर्षे खुलासे करीत बसावे लागले आहे. आपल्याकडे 'मुक्त' आणि 'मोफत' हे मुळातच दोन शब्द आहेत. तरीही आपण ते सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो, याला काय म्हणावे! मुक्त सॉफ्टवेअर चळवळीचे प्रवर्तक रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली ग्नू या मुक्त कार्यप्रणालीच्या प्रकल्पाची घोषणा केली आणि १९८५ साली ते इमॅक्स या मजकूर-संपादक प्रोग्रॅमची टेप १५० डॉलरला विकत होते. ती टेप मोफत नव्हती. परंतु ती घेणाऱ्याला आतला सोर्स कोड (प्रोग्रॅमरने लिहिलेला मूळ मजकूर) वाचण्याची, बदलण्याची आणि त्याच्या हव्या तितक्या प्रती वाटण्याची मुभा होती, म्हणून सॉफ्टवेअर मुक्त होते. याच्या नेमके उलट उदाहरण बिटकीपरचे. लिनक्स कर्नलचे (लिनक्स या कार्यप्रणालीच्या गाभ्याचे) काम करणाऱ्यांना २००२ पासून ही आवृत्ती-नियंत्रण प्रणाली (कोडमधील प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारे साधन) एक पैसाही न घेता वापरायला मिळत होती, मात्र तिच्याशी स्पर्धा करणाऱ्या साधनावर काम करायचे नाही, ही अट होती. २००५ साली वाद झाला आणि कंपनीने ही सवलत काढून घेतली. लिनक्सचे जनक लायनस टॉरवाल्ड्स यांनी त्याच वर्षी एप्रिल महिन्यात गिट हे तसेच साधन लिहायला घेतले ते यामुळे. तेव्हा पैसे घेतले की नाही, यावरून भेट ठरवायची असेल तर पहिले उदाहरण भेट नाही आणि दुसरे आहे, असा विचित्र निष्कर्ष निघेल.

आता मुख्य मुद्दा. मुक्त सॉफ्टवेअर ज्या कागदाच्या आधाराने हातोहाती फिरते, तो कागद म्हणजे परवाना, आणि परवाना ही स्वामित्वहक्काच्या मालकाने घातलेली कायदेशीर अट असते. जीपीएल या ग्नू प्रकल्पाच्या परवान्याच्या १९९१ च्या दुसऱ्या आवृत्तीतील तिसरे कलम पाहा. प्रोग्रॅम केवळ चालवता येईल अशा रूपात वाटायचा असेल, तर एकतर सोबत सोर्स कोड द्यावा, किंवा निदान तीन वर्षे वैध राहील असे लेखी वचन द्यावे, की मागेल त्या कोणाही तिसऱ्या व्यक्तीला वितरणाच्या प्रत्यक्ष खर्चाहून अधिक पैसे न घेता तो पुरवला जाईल. अट आहे ती पुढच्यासाठी काय करायचे याची. मूळ लेखकाला काय परत द्यायचे, याविषयी परवाना काही मागत नाही.

आणि हे चुकून राहिलेले नाही. आपण केलेले बदल खासगीत वापरण्याची, ते अस्तित्वात आहेत हे कोणाला सांगण्याचीही गरज नसण्याची मोकळीक, ही मुक्त सॉफ्टवेअरच्या व्याख्येतच समाविष्ट आहे. डेबियन या लिनक्स-वितरणाच्या चर्चांमध्ये यासाठी 'निर्जन बेटाची कसोटी' वापरतात. सौर ऊर्जेवर चालणारा संगणक घेऊन एखादा माणूस बेटावर अडकला आहे अशी कल्पना करा. 'बदल केलात तर ते मूळ लेखकाकडे पाठवा' अशी अट परवान्यात असेल, तर त्या बिचाऱ्याला ती पाळता येणार नाही. म्हणून तो परवाना मुक्त नाही. म्हणजे मॉसचे तिसरे बंधन, परत देण्याचे, या व्यवस्थेत नुसते गैरहजर नाही. ते घालायलाच मनाई आहे. ज्या व्यवस्थेत परतफेडीची अट घातली की वस्तू नापास होते, तिला भेटींची देवाणघेवाण कसे म्हणणार? मला हे सार्वजनिक पाणवठ्याच्या जवळ जाणारे वाटते. तिथे नियम असतात, देखरेख असते, पण कोणी कोणाला भेट देत नाही.

लघुकोन

मी एवढेच जोडतो, की देणाऱ्याकडेही जरा बारकाईने पाहावे. जोश लर्नर आणि जाँ तिरोल या अर्थशास्त्रज्ञांनी २००२ साली असे दाखवून दिले, की मुक्तस्रोतासाठी खपणाऱ्या प्रोग्रॅमरच्या वागण्याचा बराचसा उलगडा साध्या अर्थशास्त्राने होतो. आपले कौशल्य चारचौघांना दिसेल अशा जागी मांडले की त्याचा फायदा पुढे नोकरीत होतो. लिनक्स कर्नलमध्ये येणारे बहुतांश बदल आज पगारी लोक कामाच्या वेळेत करतात, आणि त्यांच्या कंपन्या हा पगार देतात तो आपापली यंत्रे, सेवा आणि चिप विकता याव्यात म्हणून. मालकाच्या पैशाने, मालकाच्या सोयीसाठी दिलेले ते दान कसले आणि भेट कसली.

अर्धविराम

पारंबी, निर्जन बेटाची कसोटी मला ठाऊक नव्हती. ती वाचल्यापासून माझा स्वतःचा प्रश्न मला थोडा वेगळा दिसू लागला आहे. लघुकोन, आपला मुद्दा मान्य केला तरी तो मॉसला फारसा लागत नाही. त्याच्याही उदाहरणांत देणारे निरिच्छ नव्हतेच. मान, पत, मैत्री आणि कधीकधी प्रतिस्पर्ध्याचा पाणउतारा, यांसाठीच ते देत होते. स्वार्थ असला म्हणजे भेट संपते, असे तो कुठे म्हणत नाही.

मात्र माझा एक आक्षेप मी मागे घेतो. अ‍ॅनेट वायनर या मानवशास्त्रज्ञ विदुषींनी १९९२ साली 'देऊनही राखणे' ही कल्पना मांडली. काही वस्तू हातातून गेल्या तरी मूळ घराण्याच्याच राहतात आणि त्यांचे मोल त्यातच असते, असे त्यांचे निरीक्षण होते. कोड वाटूनही लेखकाचा स्वामित्वहक्क आणि नाव त्याच्याकडेच राहते, हे त्या मानाने फार नवे नाही. तेव्हा 'प्रत माझ्याजवळच राहते' एवढ्यावरून भेट नाकारता येणार नाही, असे आता वाटते.

जुना टंक

पारंबी यांचे प्रतिपादन मला पटते आणि नेमक्या त्याच आधारावर माझा निष्कर्ष त्यांच्या उलट आहे. सविस्तर लिहितो, कारण या प्रकारातला थोडा अनुभव पदरी आहे.

ज्याची परतफेड कायद्याने वसूल करता येते त्याला आपण भेट म्हणतच नाही. ते उसने असते, किंवा कर्ज. मॉसच्या विवेचनाचा सगळा कस यातच आहे, की देणे आणि परत देणे नावाला ऐच्छिक असते, आणि तरीही ते चुकवता येत नाही. मग परवान्याने परतफेडीची मागणी करण्यास मनाई केली, याचा अर्थ परतफेडीची वाट बंद झाली असा होत नाही. ती फक्त कायद्याच्या हातून काढून लोकांच्या भिडेवर सोपवली गेली. 'भीड' हा आपला शब्द मला येथे 'हाऊ'पेक्षाही कामाचा वाटतो, कारण त्यात वस्तूच्या अंगी चैतन्य कल्पावे लागत नाही. दोन माणसे पुरतात.

आता 'भेट कोणती' हे ठरवले पाहिजे. सर्व्हरवरून उतरवून घेतलेली प्रत भेट नाही, याबाबत माझे आपणा सर्वांशी एकमत आहे. त्या प्रतीपायी कोणाचेच काही जात नाही. ज्याचे जाते ते म्हणजे कोणाचे तरी लक्ष आणि वेळ, आणि ते एकाला दिले तर दुसऱ्याला देता येत नाही. देवाणघेवाण होते ती त्यांची.

काही वर्षांपूर्वी मी वापरत असलेल्या एका छोट्या लायब्ररीत (इतर प्रोग्रॅमांत जोडता येणाऱ्या तयार कोडच्या संचात) २९ फेब्रुवारी ही तारीख वाचताना चूक होत होती. शतकी वर्षांचा नियम लिहिणाऱ्याने ४०० चा भाग तपासायचे राहून गेले होते, त्यामुळे २००० सालचा तो दिवस अवैध ठरत होता. मी सहा ओळींचा पॅच, म्हणजे दुरुस्तीचा बदल, पाठवला. अकरा दिवस सामसूम. मग मेंटेनरचे (प्रकल्प सांभाळणाऱ्याचे) उत्तर आले ते माझ्या पॅचपेक्षा लांब होते : टॅबच्या जागी स्पेस पडल्या आहेत, १९०० आणि २००० अशा दोन्ही सालांसाठी चाचणी जोडावी, आणि बदलाच्या संदेशात 'काय केले' हे लिहिले आहे, 'का केले' ते लिहावे. मी निमूटपणे सगळे केले. दुसऱ्यांदा त्यांनी आणखी दोन गोष्टी काढल्या. तिसऱ्यांदा पॅच स्वीकारला गेला. त्या सहा ओळी त्यांनी स्वतः लिहिल्या असत्या तर पाच मिनिटे लागली असती. माझ्यावर त्यांनी कदाचित दोन तास घालवले असतील. चार महिन्यांनी तारखांच्याच भागात दुसरा एक बग आला, तेव्हा त्यांनी त्याखाली फक्त माझे टोपणनाव लिहून विचारले, 'सवड झाल्यास पाहाल का?' मला सवड नव्हती. मी पाहिला. परवान्यात असे काहीच नव्हते, की ज्यामुळे मला तो पाहावा लागला असता.

आता पापुआ न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रियंड बेटांवरच्या 'कुला' या ज्या देवाणघेवाणीचे वर्णन मानवशास्त्रज्ञ मालिनोव्स्की यांनी १९२२ साली केले, तिच्याशी हे ताडून पाहा. लाल शिंपल्यांच्या माळा बेटांच्या वर्तुळात घड्याळाच्या दिशेने फिरतात, पांढऱ्या शंखांची बाहुभूषणे उलट दिशेने, आणि कोणीही ती कायमची ठेवून घेत नाही. नावाजलेल्या वस्तूंना स्वतःचे नाव असते, आणि ती कोणाकोणाच्या हातून आली याचा इतिहास तिच्याबरोबर सांगितला जातो. गिटच्या इतिहासात एखादा बदल उघडून बघितला तर लेखक वेगळा नोंदलेला असतो आणि तो बदल प्रत्यक्ष दाखल करणारा वेगळा; लिनक्स कर्नलमध्ये तर त्याखाली कोणी सही केली, कोणी तपासले, कोणी चालवून पाहिले आणि चूक मुळात कोणी कळवली, अशा ओळींची उतरंड असते. यांतील सहीच्या ओळीची प्रथा २००४ साली कायदेशीर सावधगिरी म्हणून सुरू झाली, हे खरे आहे. पण आज या नोंदी वाचल्या जातात त्या हाताहातांची साखळी म्हणूनच.

त्याच बेटांवर साधी घासाघीस करून चालणारा व्यापारही होता, त्याला 'गिमवली' म्हणत. कुलामध्ये कोणी फार हिशेबीपणा दाखवला तर 'हा गिमवली करतो आहे' अशी नालस्ती होई. 'मी तुमचा प्रोग्रॅम वापरतो, तेव्हा माझा बग शुक्रवारपर्यंत दुरुस्त करा' असे लिहिणाऱ्याला प्रकल्पांत ज्या थंडपणे उत्तर मिळते, तो थंडपणा याच जातीचा आहे. त्याने नियम मोडलेला नसतो. त्याला आपण कोणत्या बाजारात उभे आहोत हेच कळलेले नसते.

म्हणून माझ्यापुरते उत्तर असे, की प्रत वाटणे ही भेट नाही आणि प्रत घेणाऱ्यावर कसलेही ऋण चढत नाही. परंतु त्या प्रतीभोवती पॅच, परीक्षण, चूक कळवणे आणि शिकवणे यांचा जो व्यवहार चालतो, तो मॉसच्या तिन्ही बंधनांसकट भेटींचा आहे. तो दहा लाखांत नव्हे, चाळीस-पन्नास माणसांत चालतो, म्हणून बाहेरून दिसत नाही.

पारंबी

हे मी मान्य करण्याच्या बेतात आहे. एक दुरुस्ती मात्र सुचवते. प्रत घेणाऱ्यावर 'कसलेही ऋण चढत नाही' हे कायद्याच्या दृष्टीने तरी फार सरसकट झाले. अमेरिकेतील फेडरल सर्किट अपील न्यायालयाने २००८ साली जेकबसन विरुद्ध कॅट्झर या खटल्यात खेळण्यातल्या आगगाड्यांच्या सॉफ्टवेअरबाबत निर्णय दिला होता. पैशांची देवघेव झाली नाही म्हणून आर्थिक मोबदलाच नाही असे समजू नये, आणि मूळ लेखकाचे नाव व सूचना राखण्यासारख्या अटी मोडणे हा स्वामित्वहक्काचा भंग ठरू शकतो, असे न्यायालयाचे म्हणणे होते. म्हणजे परतफेड नसली तरी नाव राखण्याचे देणे उरते. आपण दाखवलेल्या साखळीचे तेच पहिले टोक आहे, असे आता मला वाटू लागले आहे.

सावली

जुना टंक यांचे वर्णन सुंदर आहे आणि म्हणूनच मला धास्तावते. 'भीड ही भिकेची बहीण' ही म्हणही याच भाषेतली आहे. इंटरनेटवरील संवाद कूटबद्ध करणाऱ्या ओपनएसएसएल या लायब्ररीतील हार्टब्लीड हा दोष एप्रिल २०१४ मध्ये उघड झाला. त्या वेळी ज्या लायब्ररीवर जगातल्या असंख्य संकेतस्थळांची सुरक्षितता विसंबून होती, तिच्या प्रतिष्ठानाला वर्षाकाठी साधारण दोन हजार डॉलर देणगी मिळत असे. दोष उघड होताच बड्या कंपन्यांनी एकत्र येऊन निधी उभारला. त्याआधी त्यांना कोणी अडवले नव्हते. तो दोष असलेली आवृत्ती मार्च २०१२ पासून त्या वापरतच होत्या. भेट म्हटले की घेणाऱ्याने किंमत विचारायची नसते, ही सोय कोणाच्या पथ्यावर पडते, तेही पाहिले पाहिजे. मेंटेनर माणूस भिडेला बांधलेला असतो. कंपनीला भीड नसते.

अर्धविराम

सावली यांच्या प्रतिसादावरून एक्सझेड-यूटिल्स या फाइली दाबून लहान करणाऱ्या सॉफ्टवेअरचे प्रकरण आठवले. जुना टंक, आपल्या सिद्धांताची खरी परीक्षा तेथे आहे. 'जिया टॅन' या नावाने वावरणाऱ्या कोणीतरी २०२१ च्या अखेरीपासून त्या प्रकल्पाला पॅच पाठवले, ते उपयोगी होते, आणि दोन वर्षांहून अधिक काळ हे चालू राहिले. थकलेल्या मेंटेनरवर इतर खात्यांवरून दबाव आणला गेला, त्याने शेवटी या मदतनिसाला सह-मेंटेनर केले, आणि फेब्रुवारी २०२४ मधील ५.६.० या आवृत्तीत त्याने मागचे दार (गुपचूप आत शिरण्याची वाट) बसवले. प्रोग्रॅमर आंद्रेस फ्रॉइंड यांना एसएसएच (दूरच्या संगणकात सुरक्षितपणे शिरण्याची पद्धत) लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जादा लागतो हे खटकले, त्यांनी मागोवा घेतला, आणि २९ मार्च रोजी हे सगळे जाहीर केले. प्रश्न असा, की ते आधीचे, चांगले, चालणारे पॅच भेट होते की नव्हते?

जुना टंक

होते, असेच मला म्हणावे लागेल. भेट नसती तर डाव चाललाच नसता. त्या माणसाने, किंवा माणसांनी, कुलूप तोडले नाही. दोन वर्षे देत राहून समोरच्यावर भीड घातली, आणि परतफेड म्हणून प्रकल्पाच्या किल्ल्या मिळवल्या. मॉसने १९२४ साली एका छोट्या टिपणात याच गोष्टीकडे बोट दाखवले होते, की जर्मन भाषाकुळात भेट आणि विष यांचा शब्द एकच, 'गिफ्ट', आहे. जर्मनमध्ये तर आज त्याचा 'विष' एवढाच अर्थ उरला आहे.

सावली, आपल्या आक्षेपाला माझ्याकडे पुरते उत्तर नाही. कंपनीला भीड नसते, हे खरेच आहे. तिच्याकडून घ्यायचे तर करार करून पैसे घ्यावेत आणि त्याला भेट म्हणू नये, इतकेच सुचते. एक्सझेडच्या मूळ मेंटेनरने पुढे इतिहास तपासून मागचे दार काढून टाकले आणि मे २०२४ मध्ये ५.६.२ ही आवृत्ती काढली. मी त्यानंतर एकदा त्या रिपॉझिटरीचा (कोडच्या साठ्याचा) इतिहास मागे मागे वाचत गेलो होतो. जिया टॅनचे नाव लेखक म्हणून जागोजागी आहे, आणि त्यातले पुष्कळसे बदल अजून वापरात आहेत, कारण ते बरोबर आहेत.